शेण चुलीचं की रानाचं? गोबरगॅसचा जुना हिशोब



एरवी या पेजवर मी ऊस, पाचट, गोठा, पाणी असलंच लिहितो. आजची नोंद इतिहासाची आहे आणि जरा लांब आहे. सवडीनं वाचा.

कारण असं झालं, की गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या भागात गॅस प्रकल्पवाल्यांच्या बैठका सुरू झाल्यात. त्यांना शेण पाहिजे, कारखान्याचा प्रेसमड पाहिजे, कुणी नेपियर लावणार असेल तर तेही पाहिजे. बैठकीत उठून प्रत्येक जण एकच विचारतो, "किलोला काय देणार?" विचारायलाच पाहिजे, त्यात गैर काही नाही. पण दराच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. गॅस काढून झाल्यावर जे उरतं, ते कुणाच्या रानात जाणार?

हा प्रश्न आजचा नाही. गोबरगॅसची सगळी गोष्ट याच प्रश्नाभोवती फिरलेली आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं मुळापासून मांडावं.

शेण हा कचरा कधीच नव्हता

"कचऱ्यातून ऊर्जा" असं आता सगळीकडं लिहिलेलं असतं. शहराच्या बाबतीत ठीक आहे. पण आपल्याकडं शेणाला कचरा कोण म्हणत होतं? शेणावर दोन दावेदार होते, एक चूल आणि एक रान. पावसाळा सोडला तर बाया रोज शेणी थापायच्या, वाळवायच्या, हुडवा रचायच्या. पावसाळ्यात थापता येत नाही म्हणून शेण उकिरड्यात जायचं. म्हणजे रानाला मिळायचं ते चुलीनं सोडलेलं.

याबद्दल सरकारी साहेब लोक शेतकऱ्याला नावं ठेवायचे. शेतकरी अडाणी आहे, सोन्यासारखं खत जाळतो, असं त्यांचं म्हणणं. १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या कृषी रसायनतज्ज्ञाला विलायतेहून भारतात पाठवलं. तो वर्षभर देशात हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. त्यानं बाकीच्या साहेबांच्या उलट लिहिलं. शेतकऱ्याला खताची किंमत चांगली कळते, त्याच्याकडं जाळायला लाकूड नाही म्हणून तो शेण जाळतो, जिथं लाकूड मिळतं तिथं तो शेण रानातच घालतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून त्यानं गावोगावी सरपणाची आणि वैरणीची राखीव रानं करा अशी शिफारस केली.

आपल्या मराठीत त्याच्याही आधी महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यानं गायरानं बळकावल्याची तक्रार मांडली होती. दोन्ही एकत्र ठेवून बघा. डोंगर बंद झाला, सरपण बंद झालं, चरणं बंद झालं. जनावरं कमी आणि जे शेण मिळतं ते चुलीत. रानाची ताकद कुठून राहणार?

शेणी जाळल्यावर नेमकं काय जातं तेही समजून घेऊ. शेणात नत्र असतं, स्फुरद असतं, पालाश असतं आणि कर्ब असतो. जाळल्यावर नत्र आणि कर्ब धुरातून निघून जातात. राखेत पालाश आणि थोडं स्फुरद उरतं. म्हणून राख भाजीला घातली तर चालते, पण ती शेणखताची जागा घेऊ शकत नाही. आणि एवढं जाळूनही उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच भांड्याला लागतो. बाकी सगळं भिंतीला, कौलाला आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांना.

गॅस आधी सापडला तो घाणीत

हा गॅस काही शेतकऱ्यासाठी शोधला गेला नाही. १७७६ मध्ये इटलीच्या व्होल्टानं माज्जोरे तळ्याच्या काठचा गाळ काठीनं ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे दाखवलं. हाच मिथेन. पुढं इंग्लंडमध्ये एक्सेटर शहरात १८९५ साली मैल्याच्या टाकीतून निघणाऱ्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लावले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याला हा प्रयोग झाला. तिथं महारोग्यांसाठी आश्रम होता. आजचं वडाळ्याचं अॅक्वर्थ रुग्णालय म्हणजे तोच. तिथल्या मैल्याच्या टाकीतून गॅस धरला आणि दिव्यांसाठी वापरला. भारतातल्या गोबरगॅसचा इतिहास सांगताना पहिलं नाव येतं ते याच ठिकाणाचं. गंमत बघा, समाजानं ज्यांना गावाबाहेर काढलं त्यांच्या वस्तीत, ज्या वस्तूला कुणी हात लावायला तयार नाही त्या वस्तूतून, देशातला असला पहिला उजेड निघाला.

पण या सगळ्या प्रयोगांमागं गरज शहराची होती. घाण संपवायची, रोगराई टाळायची, गॅस मिळाला तर वरकमाई. यात रान कुठंच नव्हतं.

रान आलं ते १९३९ च्या आसपास. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई या शास्त्रज्ञांनी गाईच्या शेणावर हे प्रयोग सुरू केले. ही संस्था आधी बिहारात पुसा इथं होती आणि भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीला हलली होती. मैल्याऐवजी शेण आलं आणि प्रश्नच बदलला. आता विचार असा होता, की शेणातून जळण काढून घेतलं आणि तरीही खत शिल्लक राहिलं, तर चूल आणि रान यांचं भांडण मिटेल का?

मिथेनमध्ये रानाचं काही जात नाही

भांडण मिटतं. कसं, ते शाळेतल्या रसायनशास्त्रात आहे.

शेण आणि पाणी कालवून हवाबंद खड्ड्यात ठेवलं, की हवा नको असणारे जिवाणू ते कुजवतात. त्यातून जो गॅस निघतो त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्याचा वास येणारा थोडासा हायड्रोजन सल्फाइड. मिथेन म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. म्हणजे आपल्या पिकाला जे लागतं ते जवळजवळ सगळं टाकीतच राहतं आणि स्लरीबरोबर बाहेर येतं. उलट नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपात येतो, तो पिकाला लवकर लागू पडतो.

कर्ब काही प्रमाणात जातो हे खरं. पण तो कर्ब उकिरड्यातही कुजताना हवेत जातोच. तिथं फुकट जातो, इथं चहा होतो.

आता हिशोब बघा. घरगुती दोन घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो ताजं शेण लागतं आणि तेवढंच पाणी. किलोमागं अंदाजे ४० लिटर गॅस धरतात. चार ते सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यात होतो. सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर महिन्याला दीड-पावणेदोन टाक्या. थंडीत कमी होतो, ते धरून चला. तेच ५० किलो शेण थापलं तर वाळून साधारण १० किलो शेणी होतात. शेणी चुलीत जाळून भांड्याला जेवढी उष्णता लागते, तिच्या दुपटीच्या आसपास उष्णता त्याच शेणाच्या गॅसमधून भांड्याला मिळते, कारण गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त उष्णता कामी येते. आणि वर खत शिल्लक.

एकाच वस्तूतून दोन्ही दावेदारांना पूर्ण वाटा, असं शेतीत फार कमी ठिकाणी घडतं.

लोखंडी टोपीचा प्लांट

शास्त्र कळलं तरी गावात चालणारं यंत्र लागतं. ते काम १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी केलं. जमिनीत विटांची विहिरीसारखी टाकी आणि तिच्यावर उपडी घातलेली लोखंडी टोपी. गॅस साठला की टोपी वर येते, वापरला की खाली बसते. किती गॅस आहे ते गोठ्यातल्या बाईला लांबून दिसतं, मीटर लागत नाही. टोपीच्या वजनामुळं शेगडीला दाबही सारखा मिळतो. त्यांच्या प्लांटचं नाव होतं 'ग्रामलक्ष्मी'. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं तो उचलला. या आयोगाचं मुख्यालय मुंबईत विलेपार्ल्याला आहे. देशभर हा प्लांट खादी आयोगाचा प्लांट म्हणूनच ओळखला गेला. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'टोपीचा प्लांट' म्हणतात.

त्याच काळात आपल्या कोकणात आणखी एक काम चाललं होतं. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला. हे तेच अप्पासाहेब, ज्यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मला भंगीकाम करू द्या म्हणून उपास केला होता आणि त्यांच्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात उपास सुरू केला होता. गोपुरीत त्यांनी सोनखत, संडास आणि गोबरगॅस यांवर प्रयोग केले. त्यांच्या दृष्टीनं हा नुसता जळणाचा प्रश्न नव्हता. माणसाचा मैला दुसऱ्या माणसानं डोक्यावर वाहून नेणं बंद झालं पाहिजे आणि तो मैला जमिनीला परत मिळाला पाहिजे, अशा दोन्ही गोष्टी त्यांना एकदम साधायच्या होत्या.

त्यांचाच धागा पुढं डॉ. एस. व्ही. मापुसकरांनी धरला. १९६० च्या सुमारास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. उघड्यावरच्या घाणीतून होणारे आजार गोळ्या देऊन संपत नाहीत हे त्यांनी बघितलं आणि संडास बांधण्याच्या मागं लागले. पहिल्या संडासांची पावसात पडझड झाली, लोकांचा विश्वास उडाला. तरी गावातच राहून, बांधकाम सुधारत, वर्षानुवर्षं घरं पालटत नेली. संडासाला जोडलेल्या गॅस प्लांटची 'मलप्रभा' नावाची रचना त्यांचीच. मैल्याच्या गॅसवर अन्न शिजवायचं म्हटल्यावर घरात काय बोलणी बसत असतील याचा विचार करा. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

लोखंड महाग, मग विटांचा घुमट

टोपीच्या प्लांटचा दोष टोपीतच होता. लोखंड महाग. शेणात आणि पाण्यात ते गंजतं. दरवर्षी रंग द्यायचा, भोक पडलं तर वेल्डिंगला वाहून न्यायची. टोपीच इतकी जड की उचलायला दहा माणसं. लहान शेतकऱ्याला हे परवडणारं नव्हतं.

१९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले आणि सरकारला गोबरगॅसची नव्यानं आठवण झाली. त्याच सुमारास चीनमधून बातम्या येत होत्या, की तिकडं लोखंड न वापरता पक्क्या घुमटाचे लाखो प्लांट बांधलेत. उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात अजीतमलला गोबरगॅस संशोधन केंद्र होतं. रामबक्ष सिंह यांनी तिथं साठच्या दशकापासून काम केलं होतं. त्याच केंद्रात १९७८ मध्ये चिनी पद्धतीवरून 'जनता' मॉडेल तयार झालं. सगळं जमिनीखाली, विटा-सिमेंटचा घुमट, हलणारा भाग एकही नाही. गॅस साठला की तो शेणकाला बाजूच्या टाकीत ढकलतो आणि वापरताना तोच काला गॅसला परत दाबतो.

जनता मॉडेलला वीटकाम जास्त लागायचं. ते कमी करून १९८४ मध्ये अॅफप्रो या संस्थेनं 'दीनबंधू' काढलं. खाली उथळ ताटलीसारखा तळ, त्याच्यावर उपड्या वाटीसारखा घुमट, दोन्हींच्या कडा जुळवलेल्या. यात विटा कमी लागतात आणि खर्च बराच उतरतो. आज गावात जुने-नवे जे पक्के प्लांट दिसतात त्यात दीनबंधूच जास्त. आमच्या गोठ्यामागं आहे तोही दीनबंधूच.

फक्त घुमटाला गवंडी चांगला पाहिजे. आतल्या गिलाव्याला केसाएवढी चीर गेली तरी गॅस निसटतो आणि ती डोळ्याला दिसत नाही. टोपीचा दोष लोखंडात होता, घुमटाचा दोष हातात आला.

अनुदानाची वर्षं

१९८१-८२ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस विकास कार्यक्रम सुरू झाला. अनुदान आलं आणि पंचायत समितीचे लोक गावोगावी फिरू लागले. सरकारी आकड्यांप्रमाणं आजवर देशात सुमारे ५० लाख घरगुती प्लांट बांधले गेले. बांधले गेले, असंच म्हणायचं. चालू किती, हा वेगळा विषय.

आमच्या गावाचंच सांगतो. त्या काळात पंधरा-सोळा प्लांट झाले होते. आज चालू आहेत चार. बाकीच्यांचं काय झालं ते मी एकेका घरी बसून विचारलंय. कुठं भाऊवाटणी झाली, गोठा एकाकडं आणि प्लांट दुसऱ्याकडं. कुठं ट्रॅक्टर आला, बैल विकले, एक म्हैस उरली. एका म्हशीचं शेण दिवसाला १५ किलोच्या आसपास, त्यावर दोन घनमीटरचा प्लांट चालत नाही. कुठं सुना नोकरीला लागल्या, शेण कालवायला कोणी नाही. कुठं गवंडी नवशिका होता, घुमट पहिल्या वर्षीच गळला आणि दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही, कारण उद्दिष्ट बांधण्याचं होतं, चालवण्याचं नव्हतं. आणि मग सिलिंडर आला. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेत तो गरिबाघरीही पोचला. चांगलंच झालं, बायांचे डोळे वाचले. पण नुसत्या गॅससाठी प्लांट सांभाळणाऱ्यांचं कारणच संपलं.

आता जे चार चालू आहेत ते का चालू आहेत? हेच मला सांगायचंय. चौघांच्याही घरी सिलिंडर आहे. चौघांनाही विचारलं तर पहिलं उत्तर गॅसचं येत नाही, स्लरीचं येतं. एक जण भाजीपाला करतो, एकाचा खोडवा आहे, एकाची हळद, चौथा मी. ज्यांनी प्लांटकडं गॅसची टाकी म्हणून बघितलं त्यांचे बंद पडले. ज्यांनी खताची टाकी म्हणून बघितलं त्यांचे चालले, गॅस आपोआप मिळत राहिला. चार घरांवरून देशाचा निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण तुमच्या गावात विचारून बघा.

शेण म्हणजे आधीच पचलेलं

शहरातल्यांसाठी एक वेगळी वाट पुण्यात निघाली. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं सांगितलं की शेण हे जनावरानं आधीच पचवलेलं अन्न आहे, त्यात जिवाणूंसाठी उरलेलं थोडंच. त्यापेक्षा खरकटं, सडलेली फळं, पीठ, पेंड असलं पिठूळ-गोड खाद्य जिवाणूंना दिलं, तर दोन-चार किलोवर आणि एका दिवसात गॅस मिळतो. शेणाला चाळीस दिवस लागतात. त्यासाठी त्यांनी प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांचा छोटा प्लांट केला. २००६ मध्ये त्याला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

यातून आपल्यासाठी शिकण्यासारखं हे, की नुसता गॅसच पाहिजे असेल तर शेणाहून सरस माल जगात पुष्कळ आहे. शेणाची खरी किंमत त्याच्या उरलेल्या भागात आहे. म्हणून कुणी शेण विकत घेताना फक्त गॅसचा हिशोब करत असेल, तर तो आपल्या मालाचा एकच वाटा मोजतोय.

पुऱ्याची गोष्ट

आता ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तिथं येतो. प्लांट स्वतःच्या गोठ्यामागं असतो तोवर स्लरी कुणाची हा प्रश्नच नसतो. शेण सगळ्यांचं आणि प्लांट एक, असं झालं की तो उभा राहतो. आज मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत तेच होतंय. याचं उत्तर देशात एका गावानं चाळीस वर्षांपूर्वी शोधलेलं आहे.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचं छोटं गाव. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं सामुदायिक गोबरगॅस प्लांट उभा केला. आधी कल्पना होती घरोघरी स्वयंपाकाला गॅस द्यायची. ती फसली, कारण सगळ्या चुलींना पुरेल एवढं शेणच गावात नव्हतं. मग त्यांनी लोकांनाच विचारलं तुम्हाला काय पाहिजे. लोकांना पाहिजे होतं पाणी आणि उजेड. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून बोअरचं पाणी नळाला आणि घरात दिवे, असं सुरू झालं.

पण शेण कोण आणून देणार? चुलीचा गॅस मिळत नसताना रोज पाटी भरून प्लांटवर का जायचं? इथं त्यांनी जी व्यवस्था केली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आणलेलं शेण वजन करून घ्यायचे, वहीत मांडायचे आणि त्या प्रमाणात स्लरी ज्याची त्याला परत. शिवाय आणून टाकण्याचे किलोमागं थोडे पैसे. म्हणजे शेण विकलं जात नव्हतं. शेणातला गॅस तेवढा गावाला दिला जात होता, खत मालकाचं मालकाकडं. दिवे आणि पाणी वर्षानुवर्षं चाललं ते त्या वहीमुळं, असं मला वाटतं.

आता पुढ्यात काय आहे

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं 'सतत' नावाची योजना आणली. शेण, प्रेसमड, पिकांचे अवशेष, शहराचा ओला कचरा यांपासून गॅस काढायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकून मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यायचा, दाबून भरायचा आणि गाड्यांना सीएनजीसारखा विकायचा. तेल कंपन्या तो विकत घेतात. त्याच वर्षी 'गोबरधन' योजनाही आली. कल्पना चांगली आहे. परदेशातून आणलेल्या गॅसऐवजी आपल्या शिवारातला गॅस जळत असेल तर कुणाला नको?

पण साखर कारखान्याचा प्रेसमड बघा. गाळलेल्या उसाच्या साधारण ३ ते ४ टक्के तो निघतो. ऊस आपल्या रानातून गेला, त्याच्याबरोबर गेलेलं स्फुरद आणि इतर अन्नद्रव्यं या मळीत असतात. आजवर सभासद ट्रॉली भरून तो परत आणायचे, कंपोस्ट करायचे. आता तो गॅसला चाललाय. गॅस काढून झाल्यावर अन्नद्रव्यं त्यातच असतात हे वर सांगितलंच. मग ती परत आमच्या रानात येणार, की गोणीत भरून आम्हालाच विकत मिळणार? या प्रकल्पांच्या खताच्या विक्रीला टनाला १५०० रुपये मदत द्यायचं सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं. म्हणजे खताला किंमत आहे हे सरकारलाही मान्य आहे आणि प्रकल्पवाल्यालाही माहीत आहे. फक्त बैठकीत बसलेल्या आपल्यालाच ते माहीत नाही, असं होऊ नये.

व्होल्करच्या काळात रान उपाशी राहिलं ते सरपण नव्हतं म्हणून. चूल गरजेपोटी शेण खात होती, तिला दोष देता येत नव्हता. आता घरात सिलिंडर आहे. आता जर शेण आणि मळी रानाला न मिळता रस्त्यावरच्या गाडीत जळून गेली आणि उरलेलं परत आलं नाही, तर तो दोष परिस्थितीचा नसेल, आपण सही केलेल्या कागदाचा असेल.

म्हणून पुढच्या बैठकीला जाताना मी हे प्रश्न लिहून नेणार आहे. तुम्हीही न्या.

१. टनाला किती शेण किंवा मळी घेणार आणि त्यापोटी किती स्लरी किंवा खत परत देणार? कागदावर लिहून देणार का?

२. परत मिळणारं खत फुकट, सवलतीत की बाजारभावानं?

३. वाहतूक कुणाची? ओली स्लरी जड असते, बारा-पंधरा किलोमीटरवरून आणायची तर डिझेलच खताला भारी पडतं.

४. प्रकल्पात आमच्या शेणाबरोबर आणखी काय पडणार? शहराचा कचरा मिसळणार असेल तर जड धातूंची तपासणी कोण करणार आणि अहवाल आम्हाला दाखवणार का?

५. जनावरं कमी झाली आणि ठरलेलं शेण देता आलं नाही तर दंड आहे का?

आणि ज्यांच्याकडं चार-पाच जनावरं आहेत, घरात कालवायला माणूस आहे, त्यांनी आधी स्वतःच्या गोठ्यामागं प्लांट होतो का ते बघावं. स्लरी उन्हात पसरून वाळवू नका, त्यातला अमोनिया उडून जातो. पाटाच्या पाण्याबरोबर ताजी सोडा, नाहीतर खड्ड्यात पाचटाच्या थरांवर ओता, पाचट लवकर कुजतं आणि नत्रही धरून राहतं. आमच्या खोडव्याला मी दर पाण्याला थोडी थोडी सोडतो.

तुमच्या गावात टोपीचे, जनताचे, दीनबंधूचे किती प्लांट झाले, चालू किती आणि बंद पडलेले कशामुळं पडले, ते लिहून कळवा. कुणाच्या भागात मोठ्या प्रकल्पानं खत परत द्यायचा करार केला असेल तर त्यातल्या अटी जरूर सांगा. पुढची बैठक पंधरा दिवसांवर आहे, तोवर हाताशी येतील तेवढे दाखले गोळा करतो.